युरोपियन जहाजं का निघाली? कारणं पाठ न करता शोधून काढायची पद्धत

आमच्याकडे दरवर्षी परीक्षा जवळ आली की भाचरं वही घेऊन येतात आणि हा प्रश्न त्यात असतोच, की युरोपीय लोकांना नवीन सागरी मार्ग शोधायची गरज का पडली. उत्तर पण ठरलेलं. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, मसाले मिळेनात, म्हणून ते बिचारे समुद्रात उतरले. मीही शाळेत हेच लिहिलं होतं, मार्क पण पूर्ण मिळाले होते, आणि पुढे बरीच वर्षं मला तेच खरं वाटायचं. मग स्पर्धा परीक्षेवाली पोरं आली, त्यांचं अजून वेगळंच, 'देव, सोनं, कीर्ती' असे तीन शब्द घोकायचे आणि प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी टाकायच्या. तेही चुकीचं नाही म्हणा, पण त्याने काही कळत नाही, कारण असे तीन शब्द जगातल्या कुठल्याही स्वारीला चिकटवता येतात.

तर मी जी पद्धत वापरतो ती सांगतो. भारी काही नाहीये. एखाद्याने अचानक गावात दुकान टाकलं तर आपण काय विचारतो? पैसे कोणाचे, गल्ल्यावर कोण बसतं, माल काय भरलाय, नफ्यात वाटा कोणाचा. बस्स, हेच प्रश्न जहाजांना विचारायचे. उदाहरण पोर्तुगालचं घेऊ, कारण सुरुवात त्यांनी केली, कागदपत्रं बऱ्यापैकी शिल्लक आहेत, आणि शेवटी ती जहाजं आपल्याच दारात येऊन लागली.

आधी तारखा लावून घ्या

हे काम सगळ्यात आधी, कारण याने निम्मा कचरा साफ होतो. एका कागदावर फक्त सालं लिहा. पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता हे बंदर घेतलं १४१५ मध्ये. मदेइरा बेटावर वस्ती साधारण १४२० च्या सुमारास. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिराच्या पुढे पहिल्यांदा गेला जिल एआनेश, १४३४. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा मोठा बाजार पोर्तुगालच्या लागुश गावात भरला १४४४ ला. आणि कॉन्स्टँटिनोपल पडलं १४५३ ला. म्हणजे ज्याला आपण कारण म्हणतो ते घडायच्या आधी जवळजवळ चाळीस वर्षं हे लोक कामाला लागलेले होते, आता कारण परिणामाच्या नंतर कसं येईल?

बरं, मार्ग बंद झाला म्हणतात तोही तसा बंद झाला नव्हता. मिरी, आलं, लवंग वगैरे माल मुख्यतः तांबड्या समुद्रातून इजिप्तला यायचा, अलेक्झांड्रियात व्हेनिसचे व्यापारी तो उचलायचे, आणि इजिप्तवर राज्य होतं मामलुक सुलतानांचं, तुर्कांनी इजिप्त घेतलं ते १५१७ ला, तोपर्यंत वास्को द गामा कालिकतला येऊन गेलेला, गोवा पण हातचं गेलेलं. व्हेनिसवाले १४५३ नंतरही मसाले विकतच होते. खरी अडचण वेगळी होती, माल यायचा पण वाटेत प्रत्येकजण आपला कट काढायचा, सुलतानाची जकात, मग व्हेनिसचा नफा, आणि लिस्बनवाला या साखळीत शेवटचं गिऱ्हाईक. त्याला मधले दलाल नको होते. 'मार्ग बंद' आणि 'मार्गावर दलाल' यात फरक आहे आणि तो उत्तरात लिहिला तर पेपर तपासणारा जरा सरसावून बसेल.

मग १४५३ खोडून टाकायचं का, तर नाही. त्याचा उपयोग दुसऱ्या जागी आहे. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर पोपने धर्मयुद्धाची हाक दिली, पोर्तुगालच्या राजाने त्यासाठी १४५७ ला सोन्याचं नवीन नाणं पाडलं, नाव क्रुझादो, म्हणजे क्रूसावरून, धर्मयुद्धावरून. आणि त्यातलं सोनं आलं कुठून? आफ्रिकेतून. एकाच नाण्यात नाव धर्माचं आणि धातू गिनीचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याचा. मला विचाराल तर सगळा विषय त्या एका नाण्यावर शिकवता येतो.

मग विचारा पैसे कोणाचे

इथे बहुतेक पुस्तकं राजपुत्र हेन्रीचं नाव घेतात, 'नाविक हेन्री'. गंमत म्हणजे हा गृहस्थ स्वतः लांबच्या सफरीवर कधी गेलाच नाही, मोरोक्कोपर्यंत गेला तेवढंच, आणि ती नाविक ही पदवी त्याला नंतर शेकडो वर्षांनी इतिहासकारांनी चिकटवली. त्याचं खरं काम स्पॉन्सरचं. त्याच्याकडे पैसा यायचा कुठून ते बघा, तो ख्रिस्ताच्या लष्करी पंथाचा कारभारी होता, या पंथाकडे जमिनी भरपूर, शिवाय साबण बनवायचा मक्ता त्याच्याकडे, मासेमारीतून उत्पन्न, आणि १४४३ पासून बोजादोरच्या पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्याची परवानगी लागायची आणि जे काही आणतील त्याचा पाचवा हिस्सा त्याचा. म्हणजे धर्माच्या पंथाचा पैसा, तोच लावला जहाजांवर, शिडांवर लाल क्रूस, आणि परताव्यात वीस टक्के. आता यात धर्म कुठे संपतो आणि धंदा कुठे सुरू होतो हे सुरीने कापून दाखवता येईल का? मला तरी नाही जमलं. आणि एवढं करून माणूस १४६० ला मेला तेव्हा डोक्यावर कर्ज.

हेन्री गेल्यावरचा करार तर अजून स्पष्ट आहे. १४६९ ला राजाने फर्नाओ गोमिश नावाच्या लिस्बनच्या व्यापाऱ्याला गिनीचा व्यापार चक्क कॉन्ट्रॅक्टवर दिला. वर्षाला २ लाख रेइस (तिथलं नाणं) भरायचे आणि पाच वर्षं दरवर्षी किनाऱ्याची १०० लीग (अंतराचं जुनं माप) नवीन वाट शोधून द्यायची. आपल्याकडे टोल नाक्याचं टेंडर निघतं ना, तसंच, फक्त अटीत 'जगाचा अमुक एवढा भाग शोधून देणे' असं लिहिलेलं. ज्याला आपण शोध शोध म्हणून डोक्यावर घेतो तो तिथे भाड्याचा एक हप्ता होता.

पुढे १५०० साली काब्राल या पोर्तुगीज कप्तानाचं १३ जहाजांचं आरमार निघालं, तेच जे जाता जाता ब्राझीलला टेकलं आणि मग कालिकतला आलं, त्यातल्या एका जहाजात पैसा फ्लॉरेन्सच्या मार्किओनी या सावकाराचा होता, जो लिस्बनमध्ये बसून साखरेचा आणि गुलामांचा व्यापार करायचा. म्हणजे 'पोर्तुगीज' जहाज म्हटलं तरी आत इटालियन भांडवल. देशाचं नाव वाचून थांबू नका, पैशाचा माग काढा.

पण पैशालाच सगळं मानू नका, ही उलटी चूक

ही चूक मी स्वतः बरीच वर्षं केली. एकदा हिशोबाची चव लागली की वाटतं धर्म, मान, इभ्रत हे सगळं वरचं वरचं, आत फक्त नफा. सेउता बघा मग. १४१५ ला ते घेतलं तेव्हा तिथे सहारा ओलांडून सोन्याचे तांडे यायचे, ते मिळेल ही आशा होतीच. झालं काय, ख्रिश्चनांनी बंदर घेतल्यावर तांड्यांनी दुसऱ्या गावांकडे वाट वळवली, आणि सेउता हे खर्चाचं घर होऊन बसलं, बाहेरून धान्य आणून सैन्य पोसायचं. साध्या व्यापाऱ्याने दोन वर्षांत दुकान बंद केलं असतं. यांनी सोडलं नाही, कारण ते शहर जिंकून राजाने तिथल्या मशिदीचं चर्च केलं होतं आणि आपल्या मुलांना तिथेच सरदारकी बहाल केली होती. हेन्री त्यातलाच एक.

आणि पुढे १४३७ ला हाच हेन्री तांजिअर घ्यायला गेला, सपाटून मार खाल्ला, धाकटा भाऊ फर्नांदो ओलीस राहिला. अट अशी की सेउता परत द्या आणि भाऊ घेऊन जा. सेउता दिलं नाही. भाऊ १४४३ ला फेजच्या कैदेत मेला. तोट्यातल्या बंदरासाठी सख्खा भाऊ घालवणं हे कुठल्या नफ्याच्या गणितात बसतं? नाही बसत. तिथे मान आणि धर्म हे शब्द लिहावेच लागतात, आणि ते पुरावा देऊन लिहा, नुसतं 'कीर्तीची हाव' लिहून सोडू नका.

त्यांनी स्वतः काय सांगितलं ते वाचा, पण कोण लिहितोय ते बघून

हेन्रीने हे का केलं याची यादी त्याच्याच काळातल्या दरबारी बखरकाराने देऊन ठेवलीय, नाव झुरारा. पाच कारणं. कॅनरी बेटांच्या आणि बोजादोरच्या पलीकडे काय आहे ते जाणून घ्यायची इच्छा. तिकडे ख्रिश्चन लोक असले तर त्यांच्याशी व्यापार, दोघांच्या फायद्याचा. मूर लोकांची, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांची, सत्ता नक्की कुठपर्यंत आहे ते कळावं. मुसलमानांविरुद्ध मदत करेल असा एखादा ख्रिश्चन राजा सापडतो का बघावं. आणि पाचवं, धर्माचा प्रसार, आत्म्यांचा उद्धार.

आणि मग हा माणूस सहावं कारण देतो, जे म्हणे बाकी पाचांचं मूळ आहे. हेन्रीची कुंडली! जन्मवेळेला मेष लग्न, मंगळ कुंभेत, म्हणून याच्या नशिबातच मोठे मोठे शोध लावणं लिहिलेलं. आपल्याकडे कोणी असं म्हटलं तर आपण हसतो, पण हे वाचून मला उलट तो काळ जवळचा वाटला, आपल्या आजोबांच्या शेजारी बसून पत्रिका बघणारा कोणीतरी वाटला. असं काही सापडलं की उत्तरातून वगळू नका. त्या लोकांना जे कारण वाटत होतं ते पण कारणच.

आता बखर वाचायची म्हणजे आपण मराठी बखरी वाचतो तशी वाचायची, धन्याचं मीठ खाऊन लिहिलेली आहे हे धरून. झुराराच्या यादीत सोनं नाही, गुलाम नाहीत. पण त्याच बखरीत पुढे १४४४ चा लागुशचा प्रसंग आहे. २३५ माणसं, बायका, पोरं किनाऱ्यावर उतरवली, वाटे पाडले, आईपासून मूल तोडलं, आयांनी पोरांना कवटाळून जमिनीवर झोकून दिलं तरी फटके मारून ओढलं. झुरारा स्वतः लिहितो की बघून डोळ्यात पाणी येतं. आणि हेन्री घोड्यावर बसून बघतोय, त्याच्या पाचव्या हिश्श्याला ४६ माणसं आली. लगेच पुढे झुरारा म्हणतो की राजपुत्राला मोठा आनंद झाला, का तर एवढ्या आत्म्यांचा उद्धार होणार. यादी एका पानावर आणि हिशोब दुसऱ्या पानावर, लिहिणारा एकच. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायची, हीच युक्ती.

यावर वरून शिक्का पण मिळाला. पोपच्या १४५२ आणि १४५५ च्या फर्मानांनी पोर्तुगालच्या राजाला काफिरांची मुलखं जिंकायची, त्यांना गुलाम करायची परवानगी आणि त्या किनाऱ्यावर मक्तेदारी दिली. या फर्मानांना कारण म्हणू नका, काम आधीच चालू होतं. हे लायसन्स, धंदा चालू झाल्यावर काढलेलं, आणि मुख्य उपयोग शेजारच्या स्पेनवाल्यांना लांब ठेवायला.

जहाजात काय भरलंय ते बघा

हा माझा सगळ्यात आवडता भाग. माणूस तोंडाने काहीही म्हणेल, पेटी उघडली की कळतं.

८ जुलै १४९७ ला वास्को द गामा लिस्बनहून निघाला, चार जहाजं, साधारण १७० माणसं. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीला वाटाड्या घेतला आणि २० मे १४९८ ला कालिकतच्या समोर. किनाऱ्यावर पहिला कोणाला पाठवला माहितेय? एका कैद्याला. असे शिक्षा झालेले लोक मुद्दाम बरोबर आणलेले असायचे, अनोळखी किनाऱ्यावर आधी त्यांना उतरवायचं, मेला तर मेला. त्या कैद्याला लोकांनी नेलं ट्युनिसच्या दोन मुसलमानांकडे ज्यांना स्पेनची भाषा येत होती, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, सैतान घेऊन जावो तुला, तू इथे कशाला आलास? याने उत्तर दिलं, ख्रिश्चन आणि मसाले शोधायला आलोय.

घ्या. कुठल्याही गाईडपेक्षा बरं उत्तर, एका कैद्याच्या तोंडून, सफरीवरच्याच एकाने रोजनिशीत लिहून ठेवलेलं. आणि लक्षात घ्या तो 'किंवा' म्हणाला नाही.

ख्रिश्चन का, तर युरोपात तीनशे वर्षं एक कथा फिरत होती की पूर्वेला कुठेतरी प्रेस्टर जॉन नावाचा महाबलाढ्य ख्रिश्चन राजा आहे, तो सापडला की मुसलमानांना दोन्हीकडून दाबता येईल. ही नुसती कथा म्हणून कोणी सोडली नव्हती, तिच्यावर बजेट खर्च होत होतं. १४८७ ला राजाने दोन माणसं वेष बदलून जमिनीवरून पाठवली, एकाचं काम मसाल्यांचा पत्ता काढायचा, दुसऱ्याचं प्रेस्टर जॉनचा. पहिला, कोविल्या, खरंच कालिकत आणि गोव्यापर्यंत येऊन गेला, गामाच्या दहा वर्षं आधी! मग कैरोला जाऊन कळलं की जोडीदार वारला, तेव्हा याने त्याचंही काम अंगावर घेतलं, इथिओपियाला गेला, आणि तिथल्या राजाने त्याला परत जाऊच दिलं नाही. ३० वर्षांनी पोर्तुगीज वकील तिथे गेले तर हा बायकापोरं, जमीनजुमला करून बसलेला.

ख्रिश्चन शोधायचं इतकं डोक्यात बसलेलं की कालिकतला यांना देवळात नेलं तर ते चर्च समजून हात जोडून आले. भिंतीवरच्या संतांना चार-पाच हात आणि दात बाहेर आलेले आहेत एवढं मात्र रोजनिशीत नोंदवलं. फसवत नव्हते, त्यांना खरंच तसं दिसलं, माणूस जे शोधायला निघतो ते त्याला दिसतं.

आता पेटी. कालिकतच्या सामुरी राजाला द्यायला गामाने काय काढलं, तर पट्ट्यापट्ट्यांचं कापड बारा नग, चार लाल टोपडी, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, एक पेटी साखर, दोन पिंपं तेल आणि दोन मध. राजाचे कारभारी बघून हसायलाच लागले, म्हणे मक्केचा सगळ्यात गरीब व्यापारी पण यापेक्षा बरं देतो, द्यायचं तर सोनं द्या. दुसऱ्या दिवशी राजाने विचारलं, की तुम्ही शोधायला आलात म्हणता, काय शोधायला आलात, दगड की माणसं? माणसं म्हणत असाल तर रिकाम्या हाताने कसे आलात? केरळच्या राजाने एका वाक्यात पोर्तुगालचा ताळेबंद काढला. आणि हाच गामा त्या आधी राजाला सांगून बसला होता की आम्हाला सोनं-रूपं नको, ते आमच्याकडे खूप आहे, आम्ही फक्त ख्रिश्चन राजे शोधतोय, साठ वर्षं आमची जहाजं त्यासाठीच फिरतायत.

त्या पेटीवरून काय काढायचं ते सांगतो. हा माल गिनीच्या किनाऱ्यावर चालायचा तसला आहे, तिथे कापड आणि पितळी भांडी देऊन सोनं मिळायचं, त्यासाठी १४८२ ला मीना इथे किल्ला पण बांधला होता. म्हणजे मसाल्यांच्या बाजाराची यांना नीट कल्पना नव्हती, जुन्या गिऱ्हाइकाचा माल नव्या बाजारात आणला. दुसरं म्हणजे पूर्वेला विकण्यासारखं यांच्याकडे काही नव्हतंच. ज्याच्याकडे विकायला काही नाही पण तोफा आहेत तो पुढे काय करणार, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

साधन आणि कारण यांची गल्लत

हे लवकर आटपतो. होकायंत्र, ताऱ्यांची उंची मोजायचं अॅस्ट्रोलेब, तिकोनी शिडाचं काराव्हेल जहाज, अटलांटिकमध्ये मोठा वळसा घेऊन वारा पकडायची अक्कल, ही सगळी साधनं. घरात स्कूटर आहे म्हणून कोणी पंढरपूरला जात नाही, जायचं असतं म्हणून स्कूटर काढतो. पाठ्यपुस्तकांत हे सगळं कारणांच्या यादीतच घुसवलेलं असतं. वेगळं काढा, 'शक्य कशामुळे झालं' या खाली लिहा. आणि साधनं किती तोकडी होती तेही लिहा, गामाला मालिंदीहून कालिकतला यायला चार आठवड्यांच्या आत वेळ लागला, पण मोसमी वारे न बघता ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटाहून परत निघाला तर तोच समुद्र पार करायला जवळपास तीन महिने, माणसं हिरड्या सुजून पटापट मेली, एक जहाज चालवायला हात उरले नाहीत म्हणून जाळून टाकलं. आपल्याकडच्या कुठल्याही तांडेलाने सांगितलं असतं की थांब जरा.

निघतानाचं कारण आणि पोचल्यावरचं कारण

शेवटची पायरी आणि हीच सगळ्यात जास्त विसरतात. कारण वाटेत बदलतं. गामा परत आल्यावर १४९९ ला राजा मनुएलने स्वतःला नवीन पदवी लावून घेतली, इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान इथल्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी. तेव्हा त्याच्या ताब्यात हिंदुस्थानात एक वखारसुद्धा नव्हती. पण शब्दांचा क्रम बघा, विजय पहिला, व्यापार शेवटी. आणि शोधायला निघालेले ख्रिश्चन राजे त्या पदवीत कुठेच नाहीत.

गोव्याचं उदाहरण तर घरचंच. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने १५१० ला गोवा घेतलं, मार्चमध्ये एकदा, मेमध्ये आदिलशाही फौजेने हाकललं, २५ नोव्हेंबरला परत. मसाल्यासाठी? गोव्यात मिरीचा मोठा बाजार नव्हता, तो खाली मलबारात. गोव्याला महत्त्व घोड्यांमुळे. अरबस्तान, इराणचे घोडे होर्मुझवरून इथे उतरायचे आणि विजापूर, विजयनगर दोघांना ते हवेच असायचे, कारण दक्षिणेत चांगली पैदास होत नाही आणि लढाया तर थांबत नाहीत. ज्याच्या हातात गोवा त्याच्या हातात घोड्यांची जकात आणि वर दोन राज्यांची शेंडी. अल्बुकर्कने पुढे घोड्यांची जहाजं गोव्यालाच लागली पाहिजेत असा नियमच केला. आणि गोव्यावर चल म्हणून त्याला गळ घालणारा कोण, तर तिमोजा, होनावरकडचा हिंदू सरदार, त्याचे स्वतःचे हिशोब होते. म्हणजे 'युरोपियन विस्ताराची कारणं' यात आपल्या बाजूच्या माणसांची कारणं पण मिसळलेली आहेत. लिस्बनमध्ये बसून १४९७ ला कोणी घोडा हा शब्द मनात पण आणला नसेल.

मग आला कार्ताझ, म्हणजे समुद्रात जहाज चालवायचं तर फिरंग्यांचा परवाना घ्या, नाहीतर माल जप्त. हे व्यापारात बसत नाही, ही वसुली. विकायला काही नव्हतं म्हटलं ना मगाशी, तर हेच ते, संरक्षण विकलं, स्वतःपासूनचं.

आपल्या लोकांना हे कळलं नव्हतं असं नाही हां. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांवर जे लिहिलंय ते काढून वाचा. फिरंगी, इंग्रज, वलंदेज हे सावकारी करतात पण इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, वखारीला जागा द्यायची झाली तर समुद्राकाठी, खाडीजवळ देऊ नका, एकदा हातात आलेली जागा हे लोक मेले तरी सोडणार नाहीत. पैसे कोणाचे, मागे कोण, हवंय काय, तेच प्रश्न अमात्य विचारतायत. मी वर जी पद्धत माझी माझी म्हणून मिरवतोय ती तशी जुनीच निघाली.

आता उत्तर लिहायला बसलात तर तीन शब्दांचे तीन कप्पे करू नका. एक सफर घ्या आणि ती सांगता सांगता कारणं येऊ द्या, 'धर्माच्या पंथाच्या पैशातून निघालेली जहाजं सोनं आणि माणसं घेऊन आली' अशा एका वाक्यात दोन कारणं बसतात आणि ती एकमेकांत कशी गुंतलीत ते पण दिसतं. जागा कमी असेल तर साधनांचा भाग कापा, तारखा कापू नका.

सरावाला कोलंबस देतो. माहिती मी टाकतो, प्रश्न तुम्ही लावा. हा आधी पोर्तुगालच्या राजाकडे गेला होता, त्याने नाही म्हटलं. मदेइराला साखर खरेदीच्या कामावर जाऊन आलेला. २ जानेवारी १४९२ ला स्पेनमधलं शेवटचं मुसलमानी राज्य ग्रानादा पडलं, ३१ मार्चला ज्यूंना देश सोडायचा हुकूम निघाला, १७ एप्रिलला स्पेनच्या राजा-राणीशी कोलंबसचा करार झाला. करारात हा आरमारप्रमुख, हा व्हाइसरॉय, मोती, सोनं, मसाला जे काही मिळेल त्यातला दहावा हिस्सा याचा, आणि पुढच्या जहाजांत आठवा हिस्सा पैसा लावायची मुभा. जमीन पहिल्यांदा जो बघेल त्याला राणीकडून वर्षाला १०,००० माराव्हेदी (स्पेनचं नाणं) जाहीर झालेले, एका खलाशाने बघितली, पैसे कोलंबसने स्वतःच्या नावावर लावले. आलेल्या सोन्यातून जेरुसलेम सोडवायचं असंही तो लिहायचा, आणि ते खोटं लिहीत होता असं मला वाटत नाही.

आणि जहाजावर एक दुभाष्या होता, लुईस दे तोरेस, नुकताच ज्यूचा ख्रिश्चन झालेला. त्याला हिब्रू यायची आणि अरबी पण थोडी. नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसने त्याला क्यूबाच्या आत पाठवलं, चीनच्या खानाला भेटायला, राजा-राणीचं पत्र बरोबर देऊन. तो चालत चालत गेला आणि त्याला पन्नासेक झोपड्यांचं एक गाव लागलं. पगार हा आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे, म्हणून विचारतो, या माणसाला नक्की कोणत्या कामाचा पगार चालू होता?